जुनी वॉशिंग मशीन जपणारं, चालती ठेवणारं कोल्हापुरात आणखी कोणी आहे का?

धुण्याचीचावी

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. मंगळवार पेठेतल्या आमच्या घराच्या पडवीत सध्या सहा जुनी वॉशिंग मशीन आहेत. त्यांतली पाच चालतात. सहावं चालावं म्हणून हा धागा काढतोय.

सुरुवात २०१९च्या महापुरात झाली. माझी मावशी शाहूपुरीत राहते. ऑगस्टमध्ये पाणी उतरल्यावर आम्ही चौघं फावडी-खराटे घेऊन गाळ काढायला गेलो. त्या आठवड्यात ज्यांनी पूरपट्ट्यातल्या गल्ल्या बघितल्या त्यांना वेगळं सांगायला नको. दारादारासमोर गाद्या, कपाटं, भिजून फुगलेली वह्या-पुस्तकं, फ्रीज, आणि त्यांच्यात वॉशिंग मशीन. मावशीचं ट्विन टब (एक टब धुण्याचा, दुसरा ड्रायरचा) १९९१ सालचं. तिच्या पहिल्या बाळाचे लंगोट त्यात धुतलेले. "टाकून दे बाळा, गेलं ते," म्हणाली, पण तिचा हात झाकणावर होता आणि ती पदरानं त्यावरचा चिखल पुसत होती. मी ते टेम्पोत टाकून घरी आणलं.

तोवर मी मशीन कधी उघडलं नव्हतं. मागचा पत्रा काढला तर आत चार बोटं गाळ. मोटरी काढून स्वच्छ पाण्यानं धुतल्या. पावसाळ्यात ऊन कुठलं मिळणार, म्हणून पत्र्याच्या पेटीत शंभर वॅटचा बल्ब लावून तीन दिवस त्या शेकल्या. मग एका रिवाइंडिंगवाल्याकडं नेऊन मेगर (वाइंडिंगमधून करंट गळतो का ते मोजणारा मीटर) लावून घेतला. ड्रायरची मोटर वाचली. धुण्याच्या मोटरचं वाइंडिंग गेलं होतं, ते नवीन भरून घेतलं.

पल्सेटर, म्हणजे टबाच्या तळाची पाणी घुसळणारी चकती, मात्र निघेना. मधल्या स्क्रूनं गंजून दांडा धरला होता. रात्रभर डिझेल सोडून ठेवलं, सकाळी परत सोडलं, तिसऱ्या दिवशी 'टक्' असा आवाज आला आणि तो पाव फेरा सुटला. चकती उचलली. खाली अठ्ठावीस वर्षांचा संसार होता: शाळेच्या शर्टाची पांढरी बटणं, एक सेफ्टी पिन, चार आण्याचं नाणं, झालरीचा दोरा आणि मंगळसूत्रातले तीन काळे मणी. मण्यांचं मावशीला सांगितलं तर फोनवर ती बराच वेळ काही बोललीच नाही. कधीतरी पोत तुटली होती आणि तीन मणी कमी भरले होते, हे तिच्या अजून ध्यानात होतं.

सगळ्यात जास्त मन रमलं ते टायमरमध्ये. बाहेरून नुसतं गोल बटण. आत मात्र चक्क घड्याळ आहे. पोलादी पट्टीची गुंडाळलेली स्प्रिंग, दातेरी चाकं, टिकटिक धरणारा बारीक खटका, आणि कडेला खाचा पाडलेल्या चकत्या. बटण फिरवताना आपण स्प्रिंगला चावी देत असतो. ती उलगडते तशा चकत्या फिरतात. एका खाचेत पितळी पत्ती पडली की मोटर उजवीकडं, पुढच्या खाचेत दुसरी पत्ती पडली की डावीकडं, मधल्या भागात थांबा. कपड्यांना पीळ बसू नये म्हणून हा उलटसुलट फेरा. ना सर्किट, ना चिप. भिंगातून बघितलं की सगळं कळतं, आणि कळलं की दुरुस्त करता येतं.

मशीन चालू झालं त्या दिवशीचा आवाज कानात आहे. आधी टायमरची कर्रर्र, मग बेल्टचा हलका फटका, मग पाण्याचा घुमारा. मावशीला फोनवर ऐकवला. तिनं लगेच ओळखला.

तिथून नाद लागला. आता असलेल्यांत तीन ट्विन टब आहेत, ऐंशीच्या दशकाच्या शेवटची आणि नव्वदीच्या सुरुवातीची. आपल्याकडं वॉशिंग मशीन घरोघरी यायला लागलं तो हाच काळ. व्हिडिओकॉन औरंगाबादेतून, व्हर्लपूल टीव्हीएसच्या भागीदारीत पाँडिचेरीतून, आयएफबीची फ्रंट लोड गोव्यातून. चौथं एकाच टबाचं, नुसतं धुणारं, ड्रायर नसलेलं. पाचवं जुनं टॉप लोड, चार माणसांनी उचलावं लागलं एवढं जड.

आणि सहावं हूवर ०३०७. ब्रिटनमध्ये १९४८ साली हे मॉडेल निघालं. ताराबाई पार्कातल्या एका कुटुंबातले आजोबा तिकडं शिकायला होते, त्यांनी परतताना बोटीनं आणलेलं. पत्र्याची चौकोनी पेटी, पल्सेटर तळाला नसून बाजूच्या भिंतीत, आणि वर कपडे पिळायला हातानं फिरवायचे दोन रबरी रूळ. काम झालं की रूळ टबात दुमडून ठेवायचे आणि वर झाकण लावायचं. मोटर फिरते, पल्सेटर फिरतो. फक्त रूळ गेलेत. रबर चिरफळून खडूसारखं झालंय, हात लावला की भुगा पडतो.

माझा एकच नियम आहे. पडवीतल्या प्रत्येक मशीननं कपडे धुतले पाहिजेत. रविवारी पाळीपाळीनं एकेक मशीन लावतो आणि घरचं सगळं धुणं त्यात होतं. बंद मशीनचं सील सुकतं, बेल्ट एका जागी बाक धरतो, बुशातलं (दांडा ज्यात फिरतो त्या कड्यातलं) तेल घट्ट होतं. वापरातलंच मशीन टिकतं, असा माझा चार वर्षांचा अनुभव.

तर मदत हवी आहे ती अशी. हे रूळ नव्यानं रबर चढवून कोण देईल? स्प्रिंगवाले जुने टायमर कुणाकडं पडून असले तर कळवा. आणि जुनी माहितीपुस्तकं, गॅरंटी कार्डं, बिलं कुणाकडं असतील तर ती रद्दीत घालू नका. मला फोटो दिलात तरी पुष्कळ झालं.

---

लेथवाला

नाद खुळा भावा! उद्यमनगरात आमचं छोटं वर्कशॉप आहे, वडिलांपासूनचं. तुमचं लिखाण दोनदा वाचून काढलं.

रुळांचं काम होतं. मधली दांडी लोखंडी असली पाहिजे आणि सरळ असली पाहिजे. आधी ती लेथवर धरून डायल लावून बघू. वाकडी असेल तर कितीही चांगलं रबर चढवा, एका बाजूनं कपडा पिळेल आणि दुसऱ्या बाजूनं तसाच जाईल. जुनं रबर तुम्ही खरवडू नका, तसंच घेऊन या. दोन्ही टोकांना जिथं ते कमी झिजलंय तिथं मूळ व्यास मिळतो. तो गेला की आपण अंदाजानं काम करणार.

रबर चढवणारे आहेत, छापखान्याचे आणि कापड गिरण्यांचे रूळ करतात. पण एक लक्षात ठेवा. छापखान्याच्या रुळाचं रबर शाईला आणि रॉकेलला टिकेल असं असतं. तुम्हाला साबणाच्या पाण्यात राहणारं, कपड्यावर काळा डाग न सोडणारं आणि बटण आलं की दबून परत वर येणारं पाहिजे. म्हणजे पांढरं आणि मऊ. 'रूळ करून द्या' एवढंच सांगितलंत तर घट्ट काळं रबर चढवून देतील आणि पहिल्याच दिवशी सगळी बटणं फुटतील.

दुसरं, त्या मशीनला मिलिमीटरचे पाने लावू नका. त्या काळातलं ब्रिटिश मशीन म्हणजे आटे व्हिटवर्थचे (जुन्या ब्रिटिश इंची मापाचे) किंवा त्याच घराण्यातले. मिलिमीटरचा पाना जवळपास बसतो आणि नटाचे कोपरे खातो. आमच्याकडं ऑइल इंजिनच्या जमान्यातले सुती पाने आहेत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). दोन सुती, तीन सुती, चार सुती, सगळे. वडील अजून बोल्ट हातात घेऊन सूत सांगतात.

आणि दुरुस्तीबद्दल तुम्ही लिहिलंत ते शंभर टक्के खरं. जुन्या मशीनला ब्राँझचा बुश असला तर तो झिजल्यावर मी अर्ध्या तासात नवीन करून देतो. आता बऱ्याच फ्रंट लोडना बाहेरचा प्लॅस्टिकचा टब दोन भाग वितळवून जोडलेला असतो. आत बेअरिंग गेलं तर उघडायला जागाच नाही, अख्खा टब बदला म्हणतात. दीडदोनशे रुपयांच्या बेअरिंगसाठी. आमच्यासारख्या माणसाला बघवत नाही ते.

---

पापाची_तिकटी

धागा वाचून आईची फार आठवण आली.

माझी आजी धुणं घेऊन रंकाळ्याजवळच्या धुण्याच्या चावीवर (धुणं धुण्याच्या सार्वजनिक जागेवर) जायची. तुमचं टोपणनाव बघूनच धागा उघडला. आईच्या वेळेला घरात नळ आला आणि धुणं मागच्या अंगणातल्या दगडावर आलं. आम्ही चार भावंडं, काका-काकू, आजी, मिळून नऊ माणसांचं धुणं. आईच्या उजव्या हाताच्या बोटांची पेरं कायम पांढरी आणि चिरलेली असायची. रात्री ती त्यावर खोबरेल लावायची, तो वास मला अजून येतो.

१९९२च्या दिवाळीत दादांच्या बोनसमध्ये ट्विन टब आलं. गल्लीतल्या बायका बघायला आल्या. आजीला ते पटलं नव्हतं, कॉलर हातानं घासल्याशिवाय निघत नाही म्हणायची. तिचं बरोबरच होतं, आई कॉलर आणि बाह्या आधी घासूनच टाकायची. पण त्या हिवाळ्यात आईची बोटं बरी झाली.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. तुम्ही सगळे मोटर, बुश, टायमर लिहिताय, तेही वाचायला आवडतं. पण ते मशीन वापरण्याचंसुद्धा एक ज्ञान होतं आणि ते कुठंच लिहिलेलं नाही. आई एकदा साबणाचं पाणी केलं की त्यावर तीन घाणे काढायची. पहिल्यांदा दादांचे पांढरे सदरे आणि धोतर, मग रंगीत साड्या-परकर, शेवटी पायपुसणी आणि फडकी. पाणी तेच, पावडर एकदाच. एका टबात दुसरा घाणा धुवून होतोय तोवर ड्रायरमध्ये पहिला पिळून व्हायचा. साडी टाकताना तिची सैल चौघडी करून मध्ये हलकी गाठ मारायची, म्हणजे पदर पल्सेटरखाली जात नाही. ड्रायरमध्ये कपडे कडेकडेनं दाबून बसवायचे आणि वर एक ओला टॉवेल पसरायचा. नाहीतर मशीन नाचत स्वयंपाकघरापर्यंत जायचं. शेवटच्या घाण्याचं पाणी बादलीत काढून त्यानं न्हाणीघर धुवायचं. उन्हाळ्यात नळाला पाणी एक दिवसाआड असायचं, तेव्हा एक थेंब वाया जात नव्हता.

हे सगळं आईबरोबर जाईल असं वाटतं. तिला आता ऐकू कमी येतं, पण विचारलं की सगळं क्रमानं सांगते.

आमच्या मशीनचं गॅरंटी कार्ड आणि बिल तिच्या ट्रंकेत आहे, लग्नपत्रिकेच्या पाकिटात. तुम्हाला दाखवायला आणीन.

---

धुण्याचीचावी

@लेथवाला, मनापासून आभार. रूळ जसेच्या तसे आणतो. पाने घातले नव्हते, ते बरं झालं.

@पापाची_तिकटी ताई, तुमचा प्रतिसाद घरी आईला मोठ्यानं वाचून दाखवला. 'पांढरं, रंगीत, फडकी' हा क्रम तिचाही तोच. तुम्ही म्हणता ते मला सुचलंच नव्हतं, याचं वाईट वाटतं. मी प्रत्येक मशीनची वही ठेवतो: कुठून आलं, काय बदललं, कपॅसिटर कितीचा. त्यात ते कोण वापरत होतं आणि कसं वापरत होतं, याला एक पानसुद्धा नाही. आजपासून ठेवतो. तुमच्या आईंना चालणार असेल तर एखाद्या रविवारी त्यांना पडवीत घेऊन या. त्यांनी सांगायचं, मी लिहून घेतो.

---

सातासमुद्रापार

मूळचा राजारामपुरीचा, सध्या ब्रिटनमधल्या साउथ वेल्समध्ये. तुमचं हूवर ०३०७ मर्थर टिडफिल या गावचं. माझ्या घरापासून पाऊण तासावर. हूवरनं तिथं १९४८ साली कारखाना काढला आणि हे मॉडेल तिथूनच बाहेर पडलं. लोखंडाच्या भट्ट्या आणि कोळशाच्या खाणींचं गाव, दोन्ही धंदे बसत चाललेले, त्यात हा कारखाना म्हणजे हजारो घरांची चूल. पुढं १९८५मध्ये सिंक्लेअर सी५ नावाची बॅटरीवरची तीनचाकी गाडीसुद्धा त्याच कारखान्यात जोडली गेली. २००९च्या मार्चमध्ये तिथलं वॉशिंग मशीनचं उत्पादन थांबलं. इथल्या म्हाताऱ्या कामगारांशी बोललं की ते मशीनचे नंबर पाढ्यासारखे म्हणतात.

त्या बाजूच्या पल्सेटरची गोष्ट पुढं जपानला जाते. सान्योनं १९५३मध्ये अशाच जोरदार प्रवाहाचं मशीन काढलं, एसडब्ल्यू-५३. जपानमध्ये ते घराघरात गेलं आणि टीव्ही, फ्रीज, वॉशिंग मशीन ही तिथल्या संसाराची तीन रत्नं झाली. नंतर पल्सेटर बाजूच्या भिंतीतून टबाच्या तळाला आला, आणि तळाला पल्सेटर असलेली ट्विन टब हीच तर आपल्याकडची नव्वदीची मशीन. म्हणजे तुमच्या पडवीत सहावं मशीन पहिल्या तिघांच्या आजोबांच्या ठिकाणी आहे.

अमेरिकेची वाट वेगळी. तिथं मेटॅग कंपनी आयोवातल्या न्यूटन गावची, आधी शेतीची अवजारं करणारी, मळणीयंत्राला पेंढ्या पुरवणारं जोडयंत्र वगैरे. लेथवाले, हे तुमच्यासाठी लिहितोय. त्यांनी वॉशिंग मशीनचा टब एकसंध ॲल्युमिनियमच्या ओतकामात काढला. १९२२च्या त्यांच्या मॉडेलात घुसळणारं पातं टबाच्या तळाशी आलं. त्याआधी ते झाकणाला लटकायचं. आणि ज्या शेतांवर वीज नव्हती तिथं त्याच मशीनखाली छोटं टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिन बसवून द्यायचे. पायानं किक मारायची आणि धुणं सुरू. धूर बाहेर सोडायला लांब नळी. त्यांनी रुळांची मशीन १९८३पर्यंत बनवली, हे ऐकून मी थक्क झालो होतो.

१९३७मध्ये बेंडिक्सचं पहिलं घरगुती ऑटोमॅटिक आलं, समोरून दार असलेलं. त्याला स्प्रिंगांचं लटकतं झुलणं नव्हतं, म्हणून जमिनीला बोल्टनं आवळावं लागायचं. इथं आणि अमेरिकेत ही सगळी मशीन चालती ठेवणारी मंडळी आहेत. एकत्र जमतात आणि नुसतं धुणं बघत बसतात. तुम्ही आवाजाबद्दल लिहिलंत, तेच ती माणसंही पहिल्यांदा सांगतात.

---

लेथवाला

@सातासमुद्रापार, शेतीच्या अवजारांतून वॉशिंग मशीन! वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मग त्यांना पॅटर्न (ओतकामाचा नमुना) कळत होता." त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक येत नाही. टबाएवढं पातळ आणि खोल ओतकाम, तेही त्या काळात, एका साच्यात, भोक न पडता. ज्यांनी फौंड्रीत मोल्ड भरलाय त्यांनाच कळेल.

---

दुधाळी

धागा छान आहे, पण मला काळजी वाटते ती स्पष्ट लिहितो. मी इलेक्ट्रिशियन आहे, पुराच्या पट्ट्यातच राहतो, २०१९ आणि २०२१ दोन्ही बघितले.

पाणी, पत्र्याची बॉडी आणि सत्तर वर्षांची वायर, हे एकत्र आलं की जीव जातो. जुन्या वायरीचं रबर बाहेरून सुतामुळं ठीक दिसतं, आत बोट लावलं की तुकडे पडतात. कित्येक घरांत जुनं मशीन टू-पिनवर चालायचं, अर्थिंग नाही. ओल्या पायानं उभं राहून हात लावला की मुंग्या येतात, आणि बायका "जरा करंट मारतो" म्हणून तसंच वापरत राहायच्या. मी हे डोळ्यांनी बघितलंय.

ड्रायरचं झाकण हा दुसरा विषय. झाकण उचललं की स्विचनं मोटर बंद आणि ब्रेकची पट्टी ड्रमच्या खालच्या चाकावर बसते, काही सेकंदांत ड्रम थांबतो. ब्रेकची तार तुटली किंवा स्विच खराब झाला की लोक तो डायरेक्ट करून घेतात. मिनिटाला हजारच्या वर फेरे घेणाऱ्या ड्रममध्ये हात घातला तर काय होतं ते मी लिहीत नाही.

माझं मत: हूवरसारखं मशीन साफ करून बघायला ठेवा. चालवायचा अट्टहास नको.

---

धुण्याचीचावी

@दुधाळी, तुम्ही लिहिलेलं प्रत्येक वाक्य बरोबर आहे आणि या धाग्यावर ते यायलाच हवं होतं. मी काय करतो ते सांगतो, चुकत असेल तिथं टोका.

कुठलंही मशीन आलं की पहिलं काम म्हणजे त्याची पिन कापणं. उत्साहाच्या भरात कुणी लावून बघू नये म्हणून. मग आतली सगळी वायर नवी, तीन तारांची, आणि अर्थची तार बॉडीला रंग खरवडून उघड्या पत्र्यावर आवळलेली. जुनी वायर फेकत नाही, पिशवीत चिठ्ठी घालून ठेवतो. मोटरला मेगर. एक मेगओहमच्या खाली आकडा आला की मोटर रिवाइंडिंगला जाते. पडवीला स्वतंत्र लाइन आहे, त्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच), महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबतो. चालताना जमिनीवर रबरी मॅट. झाकणाचा स्विच आणि ब्रेक ठीक नसेल तर ड्रायरचा बेत रद्द, त्या दिवशी हातानं पिळायचं. आणि मी समोर नसताना मशीन चालत नाही.

बघायला ठेवण्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. त्या मशीनची कारागिरी त्याच्या हालचालीत आहे. बाजूच्या पल्सेटरनं पाणी कसं उसळतं, चादर कशी खाली ओढली जाते आणि पलीकडून वर येते, हे पत्र्याची पेटी बघून कुणाला कळणार?

---

दुधाळी

एवढं करत असाल तर माझी हरकत कमी झाली. अर्थिंगचा खड्डा कधी तपासलाय? नुसती तीन पिन असून भागत नाही, पुढं अर्थ मिळतो का ते बघावं लागतं. जुन्या पेठांतल्या घरांत बोर्डापर्यंत तार असते आणि तिथून पुढं काहीच नसतं. येऊन मोजून देतो. पैसे नकोत.

---

गगनबावडा_घाट

हूवरचा रंग कसा आहे? गंज असेल तर पावडर कोटिंग करून टाका, नव्यासारखं दिसेल. शिरोलीला चांगलं करून मिळतं.

---

लेथवाला

मीही तेच म्हणणार होतो. आमच्याकडं इंजिनाचं काम झालं की रंग मारल्याशिवाय बाहेर जात नाही. गंज पत्रा खात राहतो.

---

पापाची_तिकटी

मला वाटतं रंगवू नये. हँडलजवळ रंग गेला असेल तर तिथं कुणाचा तरी रोज हात लागलाय.

---

धुण्याचीचावी

टबाच्या तळाला आणि खालच्या चौकटीला गंज होता तो काढून प्रायमर मारलाय, ते आवश्यकच होतं. बाहेरचा रंग मूळचा आहे, फिकट झालाय, एका कोपऱ्याला टवका उडालाय. तो तसाच ठेवतोय. लेथवाले, तुमचं म्हणणं इंजिनाला लागू आहे, ते दिवसरात्र शेतावर उभं राहतं. हे पडवीत, कोरड्या जागी आहे. एकदा रंग चढवला की खालचा परत मिळत नाही. तरीही यावर माझं मन पूर्ण ठरलेलं नाही हे खरं. मावशीच्या मशीनचा मागचा पत्रा मी रंगवला होता, त्याला इलाजच नव्हता.

---

कागलकर_नवा

घरी वीस-बावीस वर्षांचं सेमी-ऑटोमॅटिक मशीन आहे. पाणी धरतच नाही, भरत असतानाच खालून निघून जातं. मेकॅनिक नवीन घ्या म्हणतोय. करता येईल का?

---

धुण्याचीचावी

बहुतेक ड्रेनचा रबरी बोंडा आहे. पिन काढा, मागचा पत्रा उघडा. ड्रेनच्या बटणापासून एक पट्टी किंवा दोरी खाली जाते, तिच्या टोकाला गोल झाकणाची डबी असते. ती फिरवून उघडा. आत स्प्रिंग आणि रबरी बोंडा. त्यात केस, दोरे, नाणं अडकलेलं असतं आणि बोंडा बसत नाही. साफ करून लावा. रबर कडक झालं असेल तर नवा बोंडा इलेक्ट्रिकलच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतो, जुना हातात घेऊन जा. बोअरचं पाणी असेल तर आत पांढरा थरही असेल. लिंबूसत्त्व गरम पाण्यात विरघळवून तासभर ठेवलं की सुटतो.

---

कागलकर_नवा

केसांचा गोळा आणि एक राखी निघाली! पाणी धरतंय. आई खूश आहे. मशीन विकायचं रद्द.

---

लेथवाला

अपडेट. रूळ आले माझ्याकडं. एक दांडी सरळ, दुसरी मधोमध अर्धा मिलिमीटर वाकडी होती, ती प्रेसवर सरळ केली. टोकाला मूळ व्यास मिळाला. पांढरं रबर चढवून घेतलं, पहिल्या खेपेला जरा कडक झालं होतं म्हणून परत करायला लावलं. दोन्ही टोकांचे लाकडी बुश होते, तेलात मुरवलेले. ते तडकले होते. सागाचे नवीन केले आणि आठवडाभर गरम तेलात ठेवले. असलं काम मी पहिल्यांदा केलं. वडील रोज येऊन बघून जायचे.

---

धुण्याचीचावी

मंडळी, काल रविवारी जमलो. लेथवाले त्यांच्या वडिलांना घेऊन आले, दुधाळी मीटर घेऊन आले (अर्थ खरंच कमकुवत निघाला, नवीन खड्डा घेतला आणि मगच मशीन लावलं), पापाची तिकटी ताई त्यांच्या आईंना रिक्षातून घेऊन आल्या.

कोमट पाणी भरलं, पावडर अर्धी मूठ. पहिली टाकली ती घरातली जुनी सुती चादर. बाजूचा पल्सेटर सुरू झाला तसं पाणी एका अंगानं उसळून चादर गुंडाळत खाली गेलं आणि पलीकडून फुग्यासारखी ती वर आली. लेथवाल्यांचे वडील टबावर वाकून पाण्यापेक्षा बेल्टकडं कान देत होते. मग म्हणाले, "बेल्ट एक पेर सैल आहे." होता.

मग रूळ. चादरीचं टोक रुळांत धरलं आणि आईंनी, म्हणजे ताईंच्या आईंनी, कुणी न सांगता हँडल हातात घेतलं. पहिल्या फेऱ्याला जड गेलं. मग पाण्याचा पातळ पडदा रुळाखालून सरळ एका रेषेत परत टबात पडायला लागला, या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा. लेथवाल्यांनी माझ्याकडं बघितलं, काही बोलले नाहीत. चादर पलीकडं पापडासारखी सपाट निघाली. एका उशीच्या अभ्र्याला बटणं होती, तीही शाबूत. आईंनी अभ्रा हातात घेऊन चारी बाजूंनी दाबून बघितला आणि म्हणाल्या, "पिळलंय चांगलं, पण आधी झटकून घालायचं होतंस. घडी पडली." वहीत तसंच लिहून घेतलं. त्यांनी मावशीच्या ट्विन टबावरही दोन घाणे काढून दाखवले, साडीची गाठ कशी मारायची ते तीनदा. माझी गाठ तिसऱ्यांदा जमली.

गॅरंटी कार्ड बघितलं. घडीवर फाटलंय, दुकानाचा शिक्का पुसट आहे, पण मॉडेल नंबर आणि तारीख वाचता येते. मागच्या बाजूला आईंनी पेन्सिलीनं पावडरीचं माप लिहून ठेवलंय: 'पांढरे दीड चमचा, बाकी त्यातच'. दोन्ही बाजूंचे फोटो काढून कार्ड त्यांच्या ट्रंकेत परत दिलं.

पुढच्या रविवारी एकाच टबाचं मशीन लावतोय. त्याच्या टायमरची स्प्रिंग शेवटच्या दोन मिनिटांत अडकते. कुणाकडं जुन्या गजराच्या घड्याळाची, साधारण पाच मिलिमीटर रुंदीची चांगली स्प्रिंग असेल तर घेऊन या. सकाळी आठला पाणी येतं, नऊपर्यंत भरून ठेवतो.